पन्नाशीची वाट पाहणारी फियाट

फेब्रुवारीतल्या त्या एका रविवारी जनकपुरीतल्या त्या घरी पहाटे पाचलाच स्वयंपाकघरातला दिवा लागतो. एरवी सुट्टीच्या दिवशी नऊशिवाय न उठणारी नात त्या दिवशी आजोबांच्याही आधी तयार असते. आजी थर्मासमध्ये चहा भरतात, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घालतात आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणतात, ‘‘माणसं म्हातारी झाली की कुणी बघायला येत नाही. मोटारी म्हाताऱ्या झाल्या की हार घालतात!’’

आजोबा ते वाक्य ऐकू आलं नाही असं दाखवतात. मफलर गुंडाळतात, निळ्या पुठ्ठ्याची वही पिशवीत टाकतात आणि आजोबा-नात मेट्रो पकडायला बाहेर पडतात. दारातून निघताना आजोबांचा हात सवयीनं अंगणातल्या ताडपत्रीवर एकदा फिरतो. ताडपत्रीखाली काय आहे ते पुढे येईलच.

जायचं असतं बाराखंबा रोडला. ‘द स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकानं १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि १९६८ साली तिची बहीण कोलकात्यात सुरू झाली. आज जुन्या मोटारींचं कौतुक ही श्रीमंती हौस वाटते. पण त्या काळाचा विचार केला तर ही कल्पना काढणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल. नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो जमाना. जुनी गाडी तर बहुतेकांकडेच होती, नाइलाज म्हणून! ती पुसूनपासून रस्त्यावर मिरवायची, तिला बक्षीस द्यायचं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाड्यांच्या मोटारखान्यांत उभ्या असलेल्या परदेशी गाड्या पोसणं जड झालं. काही मोडीत गेल्या, काही सिनेमावाल्यांकडे, काही लग्नाच्या वरातीत. ज्या कुणा वेड्या माणसाच्या हाती लागल्या, त्याच आज दिसतात.

आजोबा कोल्हापूरचे. १९६३ साली, एकविसाव्या वर्षी, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून दिल्लीला आले. करोल बागेत तिघांत एक खोली होती. दिल्लीतल्या मराठी माणसांचं तेव्हाचं जग करोल बाग आणि पहाडगंज यांच्यात सामावलेलं. गणपती, नाटकाच्या तालमी आणि गावाकडून येणारं लोणचं, एवढ्यावर वर्ष निघायचं. रविवारी पायी हिंडणं ही फुकटची करमणूक. अशाच एका हिंडण्यात कॅनॉट प्लेसजवळ पितळेचे दिवे असलेल्या मोटारींची रांग दिसली आणि आजोबा तिथेच थांबले. ते आजतागायत.

रॅली म्हटलं की नवख्या माणसाला शर्यत वाटते. पण अशा रॅलीत साधारणपणे सर्वांत आधी पोहोचण्याला किंमत नसते. ठरलेल्या मार्गानं, ठरलेल्या वेळेत, वाटेत बंद न पडता जायचं. घाई केली तरी गुण कापले जातात. आजोबांच्या मते सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला यापेक्षा योग्य स्पर्धा दुसरी नाही! शिवाय परीक्षक बारकाईनं पाहतात ते गाडीचं मूळ रूप. दिवे त्याच काळातले आहेत का, बैठकीचं कातडं कसं आहे, भोंगा रबरी फुग्याचा आहे की बॅटरीचा, बॉनेटखाली भलत्याच गाडीचं इंजिन तर नाही ना. गाडीच्या काळाला शोभेल असा वेष केलेल्यांचंही कौतुक होतं. त्यामुळे दिल्लीच्या थंडीत धोतर-फेटा, शेरवानी, हॅट असा सगळा थाट पाहायला मिळतो.

नातीला आजोबांनी पाहण्याची एक पद्धत शिकवली आहे. पहिलं म्हणजे, हात लावायचा नाही. दुसरं, गाडीकडे पाहण्याआधी गाडीखालच्या जमिनीकडे पाहायचं. तेलाचे दोन-चार थेंब पडलेले असले तर समजायचं, ही गाडी स्वतःच्या पायानं आली आहे. जमीन कोरडी ठणठणीत असेल तर बहुधा ट्रकमधून उतरलेली नवरी! तिसरं, मालकाशी नंतर बोलायचं, आधी मेकॅनिकशी. मालक गाडीची किंमत सांगतो, मेकॅनिक गाडीचा स्वभाव सांगतो.

या शिकवणीतून नातीला शाळेत कुणी शिकवणार नाही अशा गोष्टी ठाऊक झाल्या आहेत. १९१९ ते १९३० या काळातल्या गाडीलाच जाणकार ‘व्हिंटेज’ म्हणतात, सरसकट प्रत्येक जुन्या गाडीला नाही. स्टिअरिंगच्या मध्यावर जो छोटा दांडा असतो त्यानं ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे चालकालाच ठरवावं लागे; त्यात चूक झाली आणि हँडल मारून गाडी सुरू करायला गेलं, तर हँडल उलटून मनगट मोडायचं. अनेक जुन्या गाड्यांत पाणी फिरवायला पंपच नसतो. तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, थंड झालेलं खाली उतरतं, एवढ्यावरच इंजिन थंड राहायचं. म्हणून तर रॅली फेब्रुवारीत. मे महिन्यात आयटीओच्या सिग्नलला अशी गाडी थांबली तर तिचा चहाचा बंब व्हायला वेळ लागणार नाही.

आजोबांची सर्वांत लाडकी गाडी मात्र मोटार नाहीच. ती आहे आगीचा बंब. जॉन मॉरिस कंपनीचा, १९१४ सालचा, भरीव रबरी चाकांचा, लालभडक. तो राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा आहे आणि अनेक वर्षं या रॅलीत धावून त्यानं बक्षिसं मिळवली आहेत. मूळचा हा बंब निजामाच्या रेल्वेचा. म्हणजे मनमाडपासून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड अशी जी लोहमार्गाची वाट मराठवाड्यातून हैदराबादेकडे जाते, ती चालवणाऱ्या रेल्वेचा. दिल्लीच्या रस्त्यावर घंटा वाजवत जाणारा तो बंब पाहून एकदा शेजारचा सरदारजी म्हणाला, ‘‘अंग्रेजों का है जी.’’ आजोबा ताठ होऊन म्हणाले, ‘‘अंग्रेजों ने बनाया होगा. नौकरी हमारे मुलुख की रेल में की है!’’

आता त्या निळ्या वहीविषयी. खरं तर ती पाचवी वही. पहिली वही डिसेंबर १९६८ ची, आणि तिचं कारण एक खरीखुरी शर्यत.

त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ मोटारी सिडनीला निघाल्या. लंडन-सिडनी मॅरेथॉन. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून काबूलहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई, तिथून जहाजानं ऑस्ट्रेलिया आणि पुन्हा वाळवंटातून सिडनी. एकूण सोळा हजार किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या गाड्या दिल्लीत आल्या तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. सव्वीस वर्षांचे आजोबाही थंडीत कुडकुडत त्या गर्दीत होते. चिखलानं माखलेल्या गाड्या, फुटलेले दिवे, दारांवर रंगवलेले नंबर आणि आत झोपेनं डोळे तांबारलेले चालक. ऐटबाज असं काही नव्हतंच. ‘‘शर्यतीच्या मोटारी आहेत की कोळशाच्या वखारीतून आल्यात, असं वाटलं,’’ आजोबा सांगतात.

त्या रात्री खोलीवर येऊन आजोबांनी आपल्या शाळासोबत्याला चार पानी पत्र लिहिलं. हा सोबती तेव्हा मुंबईत नोकरीला होता. ते पत्र मुंबईत पोहोचायच्या आत मुंबईहून एक पत्र निघालंही होतं. सोबत्यानं त्याच गाड्या बंदरावर ‘चुसान’ जहाजात चढताना पाहिल्या होत्या! दोन्ही पत्रांनी वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडलं असणार. गंमत म्हणजे दोघांनीही पैज लावली होती ती वेगवेगळ्या गाड्यांवर. दोघेही हरले. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या ल्युसियन बियांकीच्या सित्रोएनला समोरून आलेल्या एका मिनी गाडीनं धडक दिली, आणि अँड्र्यू कॉवनची हिलमन हंटर ही साधीसुधी, घरगुती वळणाची गाडी पहिली आली.

तेव्हापासून दोघांचा शिरस्ता पडला. सोबती पुढे कोल्हापूरला परतला आणि पत्रांचे दोन मोसम ठरून गेले. फेब्रुवारीत दिल्लीहून रॅलीचं पत्र जायचं, वर्तमानपत्रातलं कात्रण जोडून. आणि दसऱ्याला कोल्हापूरहून मेबॅकचं पत्र यायचं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींचं घराणं ज्या लांबलचक मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतं, ती राजाराम महाराजांच्या काळातली गाडी करवीरकरांना देवाच्या पालखीइतकीच परिचयाची आहे. सोबती चौकातल्या गर्दीत उभा राहून गाडीचा आवाज ऐकायचा आणि घरी येऊन लिहायचा : या वर्षी दुसरा गिअर जरा अडकला. आज आवाज मऊ होता, कुणीतरी जाणत्यानं हात लावलेला दिसतो. पत्रात आपट्याचं पान घातलेलं असायचं. दिल्लीत पोहोचेतो ते वाळून कुरकुरीत व्हायचं, आणि आजोबा ते वहीच्या त्या वर्षीच्या पानात चिकटवायचे.

आजी म्हणायच्या, ‘‘लग्नाच्या वाढदिवसाला यांना कधी पत्र सुचलं नाही.’’ तक्रार रास्त आहे. पण मोटारीच्या वेडाला औषध नाही, आणि असलं तरी ते नवरे घेत नाहीत.

आता ताडपत्रीखालचं.

१९८४ साली, सेक्शन ऑफिसर झाल्यावर, आजोबांनी दहा वर्षं वापरलेली एक प्रीमियर पद्मिनी घेतली. पहिली नोंदणी ऑगस्ट १९७४. त्याच वर्षी या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं होतं, तरी घरात तिला कायम फियाटच म्हटलं गेलं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगला लागून, रंग दुधी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. त्यामुळे ती माहेरची माणूस, असा आजोबांचा दावा. पंजाबी शेजाऱ्यांच्या अँबेसेडरपुढे ती जराशी बुटकी दिसे, पण वळणावर अँबेसेडरला घाम फोडी. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट धावायच्या, हे आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. म्हणजे आमच्या घरीही एक शर्यतीच्या कुळातली मोटार आहे, एवढंच त्यांना सुचवायचं असे.

या गाडीतून मुलगा शाळेत गेला, मुलगी सासरी गेली. एका एप्रिलमध्ये सगळं कुटुंब त्याच गाडीतून दिल्लीहून कोल्हापूरला गेलं. तीन दिवस लागले, दोन फॅन बेल्ट तुटले, आणि एकदा आजींच्या जुन्या साडीच्या काठानं बेल्टचं काम भागवावं लागलं. त्या प्रवासाची हकिगत वहीत सहा पानं व्यापून आहे. साडीचा उल्लेख मात्र त्यात नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला, की पंधरा वर्षांहून जुनी गाडी दिल्लीच्या रस्त्यावर धावता कामा नये, सार्वजनिक जागी उभीही करता कामा नये. पुढच्या वर्षी डिझेलला दहा वर्षांची मर्यादा पडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. फियाट तेव्हा चाळिशी ओलांडून बसलेली.

घरात जे व्हायचं ते झालं. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आपण कायद्याच्या बाहेर जायचं नाही. मायापुरी जवळच आहे. वजनावर चांगले पैसे येतील.’’ मायापुरी म्हणजे दिल्लीतल्या गाड्यांचा स्मशानघाट. इंजिनं एका गल्लीत, दारं दुसऱ्या गल्लीत, काचा तिसरीत. काही तासांत गाडीची गाडी नाहीशी होते. आजोबांनी गेल्या तीस वर्षांत तिथून कितीतरी वस्तू उचलून आणल्या होत्या. म्हणजे कुणाच्या तरी मेलेल्या फियाटचे अवयव लावूनच त्यांची फियाट जगली होती. आता तिलाच तिथे न्यायचं?

सोबत्याचं कोल्हापूरहून पत्र आलं. ‘ना हरकत प्रमाणपत्र घे आणि गाडी इकडे पाठव. माझ्या अंगणात जागा आहे.’ हा मार्ग कायदेशीर होता, सोपाही होता. आजोबांनी आठ दिवस विचार केला आणि नको म्हटलं. म्हातारपणी माणसं वेगवेगळ्या घरी ठेवू नयेत, एवढंच कारण सांगितलं.

या सगळ्यात आजी गप्प होत्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याचंच आजोबांना भय वाटत होतं. कारण त्यांना दमा आहे. नोव्हेंबर उजाडला की दिल्लीचं आकाश राखाडी होतं आणि आजींच्या उशाशी नेब्युलायझर येतो. रात्री दोन-दोन वेळा बसून श्वास घ्यावा लागतो. अशा एका रात्री त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, गाडी ठेवा हवी तर. पण धूर माझ्या वाट्याला नको.’’

कुणी काहीही म्हणो, आजींचं म्हणणं खरं होतं. मोटारींच्या शौकिनांना हे ऐकायला आवडत नाही, पण कार्ब्युरेटरची जुनी गाडी धुराच्या नळीतून जे सोडते त्याला गाळण नसते. महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तोच मुळी १९९५ साली. रोज ऑफिसला जाण्यासाठी अशा हजारो गाड्या रस्त्यावर असाव्यात, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वर्षातून चार सकाळी बाहेर पडणारी एक गाडी आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी एक गाडी, या दोघींना एकाच मापानं मोजावं का? हा प्रश्न आजोबांनी मुलाला विचारला होता. मुलाकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडे तेव्हा नव्हतं.

फियाटची चाकं काढली, खाली लाकडी ठोकळे लावले, ताडपत्री घातली. घराच्या फाटकाच्या आत, स्वतःच्या अंगणात. बॅटरी विकून टाकली. आजोबा मेट्रोनं फिरू लागले.

२०२१ सालच्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जुन्या मोटारींसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, सांगाडा-बॉडी-इंजिन मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. नव्यानं नोंदणी असेल तर फी वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. दर दहा वर्षांनी नूतनीकरण. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मनाई. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर मुभा. आजोबांनी ती बातमी कापून वहीत लावली आणि खाली लाल शाईनं लिहिलं, ‘तीन वर्षं, एक महिना.’

इथे एक गंमत आहे, आणि ती नुसती गंमत नाही. २०१८ च्या त्या शिक्कामोर्तबानंतर दिल्लीत पेट्रोल मोटारीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की ती टाकाऊ ठरायची, आणि पन्नास झाली की ठेवा. मधली पस्तीस वर्षं तिनं काढायची कुठे? उद्याच्या रॅलीत मारुती ८०० यायची असेल, तर आज कुणीतरी ती अंगणात झाकून ठेवायला हवी. अंगण किती जणांकडे आहे? दिल्लीच्या फ्लॅटमधल्या माणसाला तर स्वतःचीच पन्नाशी गाठायला जागा अपुरी! बाराखंबा रोडवर उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीनं असा एक पडता काळ काढलेला आहे. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गिरणीमागे. नात आता मालकांना हाच प्रश्न विचारते, ‘‘मधली वर्षं ही कुठे होती?’’ सगळ्यांत चांगल्या गोष्टी त्याच उत्तरात सापडतात, असं तिचं मत झालं आहे.

आजोबांची मुलगी लंडनजवळ असते. वडिलांचं वेड तिनं साता समुद्रापार नेलं आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी पहाटे हाइड पार्कमधून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्याकडे १९०५ पूर्वीच्या मोटारी निघतात, त्या पाहायला ती मुलांना घेऊन जाते आणि रात्री फोनवर वडिलांना सगळं सांगते. ही मिरवणूक कशाची आठवण आहे? १८९६ साली इंग्लंडच्या कायद्यानं मोटारींवरची जाचक बंधनं उठवली, त्याची. त्याआधीच्या कायद्यांनी एकेकाळी गाडीपुढे लाल निशाण घेऊन माणूस चालवायला लावला होता. ते निशाण आजही निघण्यापूर्वी समारंभानं फाडतात. एका वर्षी ती गुडवुडला गेली. तिथलं शर्यतीचं मैदान १९६६ साली बंद पडलं होतं, ते १९९८ मध्ये जुन्याच रूपात पुन्हा सुरू झालं. तिथे त्या काळातल्या शर्यतीच्या मोटारी नुसत्या मांडून ठेवत नाहीत, जीव खाऊन पळवतात. आणि प्रेक्षकही त्या काळचे कपडे घालून येतात. ‘‘बाबा, कोट्यवधी रुपयांच्या गाड्या एकमेकींना घासतात हो!’’ मुलगी म्हणाली. आजोबा कितीतरी वेळ फोनवर काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘घासू देत. पळण्यासाठीच केल्यात त्या.’’

आपल्याकडे ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट झालं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबॅस्टियन वेटेल जिंकला, आणि शर्यत गेली. त्याच २०११ साली दिल्लीत ‘२१ गन सल्यूट’ हा जुन्या मोटारींचा दुसरा मोठा मेळा सुरू झाला. त्याच्या काही वर्षांच्या आवृत्त्यांत लाल किल्ल्यापासून निघालेल्या म्हाताऱ्या गाड्या थेट त्या सर्किटवर गेल्या. आजोबा म्हणतात, वेटेल ज्या वळणावरून वाऱ्यासारखा गेला, तिथून एखादी आजीबाई रोल्स रॉइस खोकत-खोकत जाताना पाहायला जास्त धीर लागतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये फियाटला पन्नास वर्षं पूर्ण झाली. घरात शिरा झाला. कागदपत्रांची जुळवाजुळव मुलानं केली, ज्यानं मायापुरीचं नाव काढलं होतं त्यानंच. मूळ आरसी पुस्तक, विम्याचे कागद, चारी बाजूंचे फोटो. अर्ज गेला.

पण नोंदणी झाली म्हणजे गाडी सुरू झाली असं नव्हे. करोल बागेतले जे सरदारजी मिस्त्री तिला १९८४ पासून पाहत होते, ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुकान मुलानं मोबाइलचं केलं आहे. आजोबा त्यांना बोलवायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाऊजी, हाथ काँपते हैं. आँख से कर दूँगा, हाथ किसी और का लाओ.’’ तो दुसरा हात नातीचा झाला. ती आता सतरा वर्षांची आहे.

पुढचे कित्येक रविवार अंगणात गेले. सरदारजी मोड्यावर बसून सांगत, नात करत असे. टाकी उतरवून आतला गंज काढला. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून इंजिन हातानं हळूहळू फिरवून मोकळं केलं. पॉइंट घासले, प्लग बदलले. पेट्रोलची रबरी नळी आणि पंपातला पडदा नव्या जातीचा घातला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खातं. ब्रेकचे वॉशर काश्मिरी गेटच्या बाजारात तीन फेऱ्यांनंतर मिळाले. याच दरम्यान, जुलै २०२५ च्या पहिल्या तारखेला, दिल्लीच्या पंपांवर मुदत संपलेल्या गाड्यांना पेट्रोल बंद झालं आणि थोड्याच दिवसांत तो हुकूम मागेही घेतला गेला. सरदारजींनी बातमी ऐकली आणि म्हणाले, ‘‘पहले चालू तो हो जाए जी, पेट्रोल फिर देखेंगे.’’

मुहूर्त आजींनी ठरवला. २ ऑक्टोबर २०२५, दसरा. धूर वर उचलून धरण्याचे दिवस अजून आले नव्हते, हवा बरी होती. तरी सरदारजींनी गाडीचं तोंड घराकडे आणि नळी फाटकाकडे करून घेतली. हे कुणी सांगितलं नव्हतं. आजी दारात खुर्ची टाकून बसल्या. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगवर हळदकुंकू.

कोल्हापूरच्या सोबत्याचं वय आता त्र्याऐंशी. पाय गेले आहेत, पलंगावरून उठणं होत नाही. आदल्या आठवड्यात त्याचं पाकीट आलं होतं. आत आपट्याचं पान आणि एकच ओळ, थरथरत्या अक्षरांत : ‘यंदा मेबॅक नातू मोबाइलवर दाखवणार आहे. तू फियाट ऐकव.’

नातीनं फोन लावला आणि तो बॉनेटजवळ धरला. आजोबांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदा एक ठसका. तिसऱ्यांदा पूर्ण अंग थरथरवून फियाट उठली, निळसर धुराचा एक भपकारा फाटकाबाहेर गेला आणि मग तो ओळखीचा, शिवणयंत्रासारखा आवाज अंगणात भरून राहिला. शेजारच्या गच्चीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा उगाचच घड्याळाकडे पाहत होता. आजींनी पदर नाकाला लावला होता, पण त्या उठून आत गेल्या नाहीत.

फोनवर बराच वेळ काहीच ऐकू येईना. नात म्हणाली, ‘‘आजोबा, लाइन तुटली वाटतं.’’

तेवढ्यात पलीकडून खोल गेलेला आवाज आला, ‘‘गड्या... तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट वाजतंय रं.’’

आजोबांनी इंजिन बंद केलं. सरदारजींना भाषा कळली नाही, पण टॅपेट आणि तीन बोटं कळली. ते हसले, मोड्यावरून उठले आणि नातीकडे फीलर गेजसाठी हात पुढे केला.